मॉडेल फुटलं की एन वाढवायचा?

नदीतलं पाणी आणि गाळ यांचं संगणकावरचं मॉडेल चालवत असतो. रन सुरू होऊन मॉडेलमधले तीन दिवस उलटलेले असतात. पाण्याची पातळी ठीक दिसते, वेगही ठीक. मग तळाच्या उंचीचा नकाशा उघडावा तर बुद्धिबळाचा पट समोर येतो. एक सेल (मॉडेलने नदीचे जे छोटे तुकडे पाडलेले असतात त्यांतला एक) ४० सेंटीमीटर वर, शेजारचा ४० सेंटीमीटर खाली, त्याच्या शेजारचा पुन्हा वर. आणखी थोडा वेळ गेला की कुठल्या तरी सेलमधला वेग सेकंदाला तीस मीटर होतो आणि रन बंद पडतो. अशा वेळी बहुतेकांचा हात एकाच आकड्याकडे जातो. मॅनिंगचा एन, म्हणजे तळाच्या खडबडीतपणाचा आकडा, ०.०२५ होता, तो ०.०३५ करायचा. रन शेवटपर्यंत जातो, चित्रं अहवालात लागतात, विषय संपतो.

मीही हे केलंय, आणि एकदाच नाही. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. तळाचा खडबडीतपणा पाण्याला अडवतो हे खरं, पण गाळाच्या मॉडेलमध्ये तोच आकडा दाणे उचलण्याच्या हिशेबातही शिरतो. म्हणून तो वाढवला की मॉडेल शांत होईल, की गाळ आणखी जोरात वाहायला लागेल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. उत्तर एका वेगळ्याच सेटिंगवर अवलंबून असतं आणि बऱ्याचदा ते सेटिंग कुणी पाहिलेलंच नसतं.

आधी मॉडेल काय करतं ते बघू. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग पाण्याची खोली आणि वेग काढतो. दुसरा त्या वेगावरून तळावर किती ताण पडतो ते काढतो (याला सगळे शिअर स्ट्रेसच म्हणतात) आणि त्या ताणाला किती गाळ हलेल ते एखाद्या सूत्राने ठरवतो. तिसरा भाग जमाखर्चाचा. सेलमध्ये किती गाळ आला, किती गेला, उरलेला फरक तळाच्या उंचीत मांडायचा. ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ फेलिक्स एक्सनर यांनी १९२० च्या दशकात हे समीकरण मांडलं, म्हणून ते एक्सनर समीकरण. त्यात एक बारीक गोष्ट आहे. दाण्यांमध्ये पोकळी असते. पोकळी ४० टक्के धरली, तर १ घनमीटर दाणे साचल्यावर तळात सुमारे १.६७ घनमीटरची भर पडते. काही प्रोग्राम गाळ किलोत मागतात, काही दाण्यांच्या घनफळात, काही पोकळीसकट. इथे चूक झाली तर मॉडेल फुटत नाही, फक्त चुकतं. ते जास्त वाईट.

एकच शब्द, दोन कामं

नदीचा तळ पाण्याला दोन प्रकारे अडवतो. पहिला प्रकार दाण्यांचा: वाळूच्या कणाकणावरून पाणी घासत जातं. दुसरा प्रकार आकारांचा: तळावर वाळूच्या लाटा उठलेल्या असतात, त्यांच्या माथ्यावरून पाणी उडी घेतं, मागच्या उतारावर भोवरे तयार होतात, पुढच्या बाजूला दाब जास्त आणि मागे कमी राहतो. या दाबाच्या फरकाने पाण्याचा वेग मोडतो, पण त्यातून दाणा पुढे सरकत नाही. दाणा सरकतो तो फक्त घासण्याच्या वाट्यामुळे.

योहान निकुराडसे यांनी १९३३ मध्ये पाइपच्या आतून मोजून निवडलेले वाळूचे कण चिकटवून जे प्रयोग छापले, त्यातून आलेली खडबडीतपणाची उंची पहिल्या प्रकारातली. उलट मॅनिंगचा एन म्हणजे सरमिसळ. दाणे, वाळूच्या लाटा, वळणं, झुडपं, सगळं त्यात. नदीच्या पातळीशी जुळवून तो काढलेला असतो, त्यामुळे पाण्यासाठी तो उत्तम. दाण्यांना मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांतच करून बघू. रुंद पात्र, प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला २ घनमीटर पाणी, उतार ०.०००५, दाणा १ मिलिमीटरचा. एन ०.०२५ धरला तर मॅनिंगच्या सूत्राने खोली १.६२ मीटर येते, वेग सेकंदाला १.२३ मीटर, आणि तळावरचा एकूण ताण ७.९ पास्कल. आता एन ०.०३५ करू. खोली १.९८ मीटर, वेग १.०१ मीटर, आणि ताण ९.७ पास्कल. वेग कमी झाला, पण ताण वाढला! यात जादू काही नाही. पाणी तेवढंच यायचं आहे, ते हळू चालू लागलं की खोली वाढते, आणि समान प्रवाहात तळावरचा ताण खोली गुणिले उतार या हिशेबाने ठरतो.

आता हा ताण मायर-पीटर आणि म्युलर यांच्या १९४८ च्या सूत्रात घाला. हे सूत्र तळालगत घरंगळत जाणाऱ्या गाळाचं. त्यात ताणाला आधी दाण्याच्या बुडत्या वजनाने भागून एक निव्वळ संख्या काढतात (शील्ड्स यांनी १९३६ मध्ये रूढ केलेली), तिच्यातून ०.०४७ हा उंबरठा वजा करतात आणि उरलेल्याचा दीड घात घेतात. एकूण ताण तसाच घातला तर एन ०.०२५ वरून ०.०३५ केल्याने गाळ जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो.

पण हेच गणित फक्त दाण्यांच्या वाट्याचा ताण घेऊन केलं तर? १ मिलिमीटर दाण्याचा स्वतःचा एन, दाण्याच्या आकारावरून एन काढणाऱ्या स्ट्रिकलरच्या सूत्राने, सुमारे ०.०१५ येतो. दाण्यांचा वाटा काढण्याची नेहमीची पद्धत म्हणजे दाण्याच्या एनला एकूण एनने भागायचं, त्याचा दीड घात घ्यायचा आणि एकूण ताणाला त्याने गुणायचं. पहिल्या बाबतीत ३.७ पास्कल उरतात, दुसऱ्यात २.७. गाळ सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो.

आकड्यात केलेला बदल तोच. एका सेटिंगमध्ये गाळ ४० टक्के वाढला, दुसऱ्यात ४५ टक्के घटला. म्हणून एनला हात लावण्याआधी आपल्या प्रोग्रामचं गाळाचं सूत्र कुठला ताण वाचतं ते मॅन्युअलमध्ये शोधावं. मायर-पीटर म्युलरला दाण्यांचा वाटा हवा असतो. एंगेलुंड आणि हान्सेन यांचं १९६७ चं सूत्र मात्र एकूण रोधावरच बेतलेलं आहे, त्याला पुन्हा वाटणी लावली तर गाळ विनाकारण आटतो. सूत्र बदललं आणि सेटिंग जुनंच राहिलं, ही चूक इतकी साधी आहे की ती कुणाला दिसतच नाही.

तळ गोठवा

मग वाढीव एनने तो रन तगला कसा? वेग उतरला, खोली वाढली, उथळ सेल जरा भरले आणि कुरबूर सावकाश वाढू लागली. रन संपला तेव्हा ती डोळ्यांत भरण्याएवढी मोठी झालेली नव्हती, एवढंच. दुप्पट कालावधीचा रन लावला असता तर पट पुन्हा उमटला असता.

दुखणं कुठलं हे ओळखायला माझ्या मते सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे तळ गोठवणं. गाळाचं गणित चालू ठेवायचं, पण तळाची उंची बदलू द्यायची नाही. बहुतेक प्रोग्राममध्ये याला एक खूण असते. तळ गोठवूनही वेग उसळत असेल तर भानगड पाण्याच्या भागात आहे आणि गाळाच्या सेटिंगशी तासन्तास झटापट करून काही मिळणार नाही. वेग शांत आहे, पण गाळाचं वहन सेलागणिक वरखाली होतंय, तर ताण काढण्याची पद्धत किंवा दाण्यांचा डेटा तपासा. दोन्ही शांत, आणि तळ मोकळा सोडल्यावरच नाच सुरू होतो, तर दोष पाणी आणि तळ यांच्या जोडणीत.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याचं नेहमीचं निदान चुकतं. लोक म्हणतात, टाइम स्टेप (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो) कमी करा. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये दाखवलेली अट सगळ्यांना पाठ असते: एका टाइम स्टेपमध्ये लाट साधारण एका सेलच्या पुढे जाता कामा नये. पण कुठली लाट? वरच्याच उदाहरणात पाण्यावरची लाट प्रवाहाच्या दिशेने सेकंदाला सुमारे ५.२ मीटर धावते. तळावरचा उंचवटा सरकतो सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी, म्हणजे तासाला फार तर चार मीटर. सेल २० मीटरचा असेल तर पाण्याला चार सेकंदांच्या आतली स्टेप लागते. तळाला जवळपास पाच तासांची स्टेपसुद्धा चालली असती. पाण्यासाठी ठरवलेल्या स्टेपमध्ये तळाची अट हजारो पटींनी आधीच पाळली जाते, मग स्टेप आणखी अर्धी करून तळ कसा सुधारेल?

पट उमटतो तो बहुधा उतार मोजण्याच्या पद्धतीमुळे. मधल्या सेलचा हिशेब करताना डावीकडच्या आणि उजवीकडच्या सेलची वजाबाकी घेतली, तर एक वर, एक खाली अशा करवतीच्या दातांमध्ये दोन्ही शेजारी सारखेच दिसतात. वजाबाकी शून्य. मॉडेलला वाटतं तळ सपाट आहे. ज्या खोडीकडे गणित बघतच नाही ती मोडणार कोण? ती तशीच राहते आणि कुठून तरी जरा जास्त गाळ मिळाला की फुगते. टाइम स्टेप अर्धी केल्यावर ती फक्त सावकाश फुगते. इथे उपाय म्हणजे गाळाचं वहन प्रवाहाच्या वरच्या अंगाच्या सेलवरून घेणं, म्हणजे अपविंड पद्धत. किंमत मोजावी लागते: खरे उंचवटेही थोडे थोडे झिजतात. म्हणून मोठा रन लावण्याआधी सरळ पात्रात एक एकटा उंचवटा सोडून तो पुढे सरकताना किती बुटका होतो ते बघून ठेवावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि नंतर कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं.

एक सावधगिरी. प्रवाह फार वेगवान होऊन फ्रूड संख्या (पाण्याचा वेग भागिले पाण्यावरच्या लाटेचा स्वतःचा वेग) १ च्या जवळ गेली की पाणी आणि तळ आळीपाळीने सोडवणारी पद्धतच डळमळते, कारण तिथे दोघांच्या लाटा एकमेकींत गुंततात. फ्रूड संख्या १ च्या वर गेली की तळाची लाट प्रवाहाच्या उलट सरकू शकते, आणि मग वरचं अंग कुठलं हाच प्रश्न होतो. अशा ठिकाणी दोन्ही समीकरणं एकत्र सोडवणारा पर्याय असेल तर तोच निवडावा.

उमटलेलं चित्र खरं की गणिताचं, हे ठरवायला आणखी एक सोपी युक्ती आहे. सेलचा आकार अर्धा करा. उंचवट्यांमधलं अंतरही अर्धं झालं, तर ते ग्रिडचं, म्हणजे सेलांच्या जाळीचं, बाळ. अंतर मीटरमध्ये तेवढंच राहिलं, तर ते नदीचं असू शकतं. नदीतल्या वाळूच्या लाटांची लांबी साधारण खोलीच्या पाच ते सात पट असते. पण खोलीची सरासरी घेणाऱ्या साध्या मॉडेलला अशा लाटा स्वतःहून उठवता येत नाहीत, कारण उंचवट्याच्या माथ्याच्या थोडं आधी ताण जास्त असतो ही बारीक गोष्ट त्याला दिसतच नाही. त्यामुळे अशा मॉडेलमध्ये दोन दोन सेलांवर लाटा दिसल्या आणि कुणी 'बघा, वाळूच्या लाटाही निघाल्या' म्हणालं, तर मान डोलावू नका.

उथळ पाण्यातला सापळा

काठालगत, जिथे सेल ओला-कोरडा होत असतो, तिथे खडबडीतपणा खरोखरच मॉडेल फोडतो. त्याचं कारण लॉगरिदमच्या सूत्रात आहे, म्हणजे मॅनिंगऐवजी खडबडीतपणाच्या उंचीवरून रोध काढणाऱ्या सूत्रात. खडबडीतपणाची उंची १५ सेंटीमीटर दिली, तर सूत्र तिला ३० ने भागून अर्ध्या सेंटीमीटरची एक लांबी काढतं. या लांबीला झेड-शून्य म्हणतात: तळापासून एवढ्या उंचीवर वेग शून्य मानायचा. पाणी २ मीटर खोल असेल तर रोधाचा गुणक (वेगाच्या वर्गावरून ताण काढताना लावायचा आकडा) सुमारे ०.००६४ येतो. पाणी २ सेंटीमीटर उरलं की तोच गुणक १.०७ होतो, दीडशे पटींहून जास्त. खोली १.४ सेंटीमीटरच्या आसपास आली की भाजकच शून्य होतो. निकुराडसेच्या पाइपात असा प्रश्न आलाच नव्हता, कारण तिथे कण पाइपच्या मानाने बारीक होते. इथे आपण १५ सेंटीमीटरच्या खडबडीत तळावर २ सेंटीमीटर पाणी ओतून सूत्राला वेग विचारतोय.

मॅनिंगचं सूत्र इथे बरंच सौम्य वागतं. एन ०.०२५ असेल तर २ मीटरवरचा ०.००५ हा गुणक २ सेंटीमीटरवर ०.०२३ होतो. म्हणून उथळ भाग पुष्कळ असेल तर मी मॅनिंगकडे झुकतो. लॉगच वापरायचा असेल तर सूत्रात जाणाऱ्या खोलीला खालची मर्यादा घालावी, आणि त्याहून उथळ सेलमध्ये गाळाचं वहन बंद ठेवावं. मर्यादा किती? खडबडीतपणाच्या उंचीपेक्षा कमी नको, एवढं तरी नक्की.

त्रिमितीय मॉडेलमध्ये हाच सापळा आडवाटेने येतो. तळाजवळचं बारीक दिसावं म्हणून लोक थर वाढवतात. खोलीच्या प्रमाणात थर पाडणाऱ्या मॉडेलमध्ये १० मीटर पाण्याचे दहा थर एकेक मीटरचे, पण ३० सेंटीमीटर पाण्याचे दहा थर तीन तीन सेंटीमीटरचे. सगळ्यात खालच्या थराचा मध्य तळापासून दीड सेंटीमीटरवर येतो, आणि झेड-शून्य अर्धा सेंटीमीटर असेल तर रोधाचा गुणक ०.१३ होतो. खोल पाण्यात तो ०.००७५ असतो. बरेच प्रोग्राम या गुणकाला आतून टोपी घालतात, रन चालत राहतो आणि काठावरचा ताण कुठून आला ते कुणाला कळत नाही. पातळ थरांचा आणखी एक जाच: पाव मिलिमीटरचा वाळूचा कण सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर खाली बसतो, म्हणजे तो थर एका सेकंदात पार करतो. खाली बसण्याचा हिशेब मागच्या स्टेपचे आकडे धरून पुढची स्टेप काढणाऱ्या साध्या पद्धतीने असेल तर टाइम स्टेप सेकंदाच्या आत हवी.

रोधाचं पदही असंच. गुणक १, वेग अर्धा मीटर, खोली २ सेंटीमीटर, तर रोध एका सेकंदात वेगाच्या पंचवीसपट वेग काढून घ्यायला बघतो. मागच्या स्टेपचा रोध धरून पुढचा वेग काढणारी पद्धत दोन सेकंदांच्या स्टेपमध्ये वेग शून्याच्या पलीकडे, उलट्या दिशेला फेकते. पाणी चढाला धावतं. नवा वेग भागाकारात घेणारी, म्हणजे इम्प्लिसिट पद्धत असेल तर वेग शून्याकडे जातो, पण शून्य ओलांडत नाही. या एका बदलाने जितके रन वाचतात तितके एन वाढवून वाचत नाहीत.

खडबडीतपणा बदलता ठेवला तर

काही प्रोग्राम ताणावरून वाळूच्या लाटांची उंची काढतात, तिच्यावरून खडबडीतपणा आणि त्याच्यावरून पुन्हा ताण. कल्पना चांगली आहे. पण ताण वाढत गेला की एका टप्प्यावर लाटा धुऊन जाऊन तळ सपाट होतो आणि खडबडीतपणा झपकन उतरतो. त्या उंबरठ्यावरचा सेल एका स्टेपला लाटांचा, दुसऱ्या स्टेपला सपाट, असा लुकलुकत राहतो. खऱ्या नदीत लाटा वाढायला आणि झिजायला तास, कधी दिवस लागतात. म्हणून नवा खडबडीतपणा एका स्टेपमध्ये पूर्ण लागू न करता जुन्यात थोडा थोडा मिसळत नेला की लुकलुक थांबते. इथे गणिताची सोय आणि नदीचा स्वभाव एकाच बाजूला आहेत, असं नेहमी होत नाही.

एककांबद्दल थोडं. माझा आठवणीतला सर्वांत मूर्ख आठवडा झेड-शून्याच्या रकान्यात निकुराडसेची उंची भरून गेला. १५ सेंटीमीटरऐवजी मॉडेलला साडेचार मीटर उंचीचे खडक तळावर दिसत होते, आणि मी टाइम स्टेप कमी करत बसलो होतो. दाण्याचा व्यास मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये जाणं हेही तसंच, फक्त ते लवकर पकडलं जातं, कारण काहीच हलत नाही.

वरच्या सीमेवर पात्राच्या कुवतीइतका गाळ आत आला नाही तर पहिल्या सेलमध्ये खड्डा पडतो, जास्त आला तर ढीग, आणि दोन्ही खोडसाळपणे खाली सरकतात. सुरुवातीचं पाणी स्थिरावेपर्यंत तळ बंद ठेवावा. आणि मॉर्फॅक, म्हणजे तळातला बदल प्रत्येक स्टेपला काही पटींनी वाढवून वेळ वाचवण्याची युक्ती, वापरत असाल तर एका स्टेपमध्ये तळ खोलीच्या काही टक्क्यांहून जास्त हलत नाही ना ते बघा. शंका आली की तोच रन मॉर्फॅक निम्मा करून लावा. तळाचं चित्र बदललं तर गुणक मोठा होता.

आता सुरुवातीच्या त्या रनकडे. एन परत ०.०२५ वर आणायचा. तळ गोठवून आधी पाण्याच्या मोजलेल्या पातळ्या जुळवायच्या. वहन अपविंडने काढायचं, उथळ सेलची मर्यादा लावायची, मग तळ सोडायचा. पट गेलेला दिसेल. पातळी जुळवताना मोजमापंच म्हणत असतील की एन ०.०३५ हवा, तर तो खुशाल ठेवा, पण दाण्यांच्या वाट्यासाठीचा ०.०१५ तसाच राहू द्या. वाळूचा दाणा अजून १ मिलिमीटरचाच आहे.